बाकी सर्व सुखरूप

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून मी गिऱ्हाइकांना कावळा म्हणणार आहे. हा माझा खोडसाळपणा नव्हे, कंपनीचे लेखी धोरण आहे. प्रत्येक उत्तराची सुरुवात 'काक' या संबोधनाने व्हावी, असे नव्या नियमावलीत छापले आहे. काक म्हणजे थोरली बहीण किंवा थोरला भाऊ. सगळा देश एकमेकांना तशीच हाक मारतो आणि त्यात वावगे काही नाही, हे मला कळते. पण ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षे योग्यकार्तात संस्कृत शिकवण्यात घालवली, त्याच्या डोळ्यांपुढे 'काक' लिहिताच तारेवर बसलेला पक्षी येतो, त्याला इलाज काय? सकाळीच माझ्या आईच्या वयाच्या एका बाईंना 'काक' लिहिले आणि मनातल्या मनात दोनदा क्षमा मागितली. एकदा बाईंची, एकदा माझ्या गुरुजींची.

शिवाय प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक पिवळा हसरा चेहरा चिकटवायचा आहे. हसू अनिवार्य आहे. दुसऱ्याची शेगडी बिघडल्याचे वाचून हसणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. आता आरशात पाहीन.

तक्रार करण्यासारखी माझी स्थिती नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. विभागात विद्यार्थी उरले नाहीत, मग विभाग उरला नाही, मग मी. सोलोतल्या या कंपनीला 'चांगले लिहिणारा' माणूस हवा होता. इथे लागून मला दोन महिने झाले. कंपनी बाटिकवाल्यांसाठी विजेच्या शेगड्या करते. मेण वितळवायच्या, बैठ्या, हातभर रुंदीच्या. मॉडेलचे नाव केंबांग, म्हणजे फूल. इंटरनेटवर कंपनीची प्रश्नोत्तरांची एक जागा आहे. तिथे गिऱ्हाइके विचारतात आणि मी उत्तरे देतो. त्या जागेचे नाव 'पेंडोपो'. घरापुढचा खांबांचा उघडा मंडप. परका माणूस तिथे बसतो, जवळचा आत येतो.

आमची प्रमुख तिऊर्मा. वय माझ्या निम्मे, मला रीतीप्रमाणे 'पाक', म्हणजे 'बाबा', म्हणते; मूळची मेदानकडची, सुमात्रातल्या रोखठोक बाताक लोकांतली. ती कानात बोलली तरी रस्त्यावर ऐकू जाते.

"नियम तीनच आहेत, पाक सासांगका," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "एक, प्रत्येकाला नावानिशी, आपुलकीनं, स्वतः लिहिल्यासारखं उत्तर द्यायचं. दोन, तक्रार दिसली की माणसाला पेंडोपोतून उचलून आत घ्यायचं, खासगी निरोपात. तीन, गिऱ्हाईक नको म्हणालं की विषय बंद. मागे लागायचं नाही."

"स्वतः लिहिल्यासारखं म्हणजे? मी स्वतःच लिहिणार ना?"

"हो, पण तसं वाटलं पण पाहिजे!"

दुसरा नियम मला मनापासून आवडला. माणसाचे दुखणे चारचौघांत उघडे करू नये. आत बोलवावे, बसवावे, मग विचारावे. बाताक मुलीला हे सुचले याचे कौतुक वाटले.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज पेंडोपोत एक रत्न सापडले. बायातहून बू वागिरा (बू म्हणजे आई, मानाचे संबोधन) यांनी लिहिले आहे. दरबारी वळणाची, वरच्या दर्जाची जावानीज. आजकाल अशी भाषा लग्नपत्रिकेतसुद्धा दिसत नाही. मजकूर असा:

"आपल्या कामात व्यत्यय आणते, क्षमा असावी. बटण अगदी खाली ठेवले तरी शेगडी तापायची थांबत नाही. काल मेणातून धूर निघाला. बटण बंद केले तरी तापतच होती, म्हणून वायर ओढली. बाकीच्यांच्या शेगड्या कशा आहेत?"

बघा, स्वतःचे मेण धुरावले आहे आणि बाई बाकीच्यांची विचारपूस करताहेत. याला संस्कार म्हणतात. (मेण धुरावल्यानंतरची पायरी ज्वाळेची असते, हे सोलोत कोणाला सांगावे लागत नाही.)

मी तत्काळ उत्तर दिले. काक वागिरा, आपल्याला झालेल्या त्रासाने आमचे मन तापलेल्या मेणासारखे विरघळले आहे वगैरे. नवी शेगडी विनामूल्य घरपोच पाठवतो, कृपया आत यावे.

बाईंचे उत्तर: "नको. एवढी तसदी नको. माझे चालले आहे."

वाचून जीव सुखावला. पहिला नकार! शिष्ट माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतो. चहा विचारला तर नको, पुन्हा विचारला तर आत्ताच झाला, तिसऱ्यांदा विचारला की पेला पुढे येतो. माझ्या लग्नात माझे सासरे तिसऱ्यांदा 'जेवायला बसा' म्हणायला विसरले होते. मी जावई असून उपाशी राहिलो. पण दोष त्यांचा, हे सगळ्या गावाने मान्य केले.

उद्या दुसऱ्यांदा विचारीन.

७ ऑगस्ट, गुरुवार

विचारता आले नाही. तिऊर्माने वागिराबाईंचे प्रकरण बंद करून टाकले होते.

"अहो पाक, ती नको म्हणाली."

"ती पहिल्यांदा नको म्हणाली."

"मग? नको किती प्रकारचं असतं?"

मी समजावून सांगितले. तिने चहाचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिला पृथ्वी शेषाच्या डोक्यावर असल्याचे सांगत होतो.

"आमच्याकडे भूक लागली की माणूस ताट ओढतो," ती म्हणाली. "नको असलं की ढकलतो. तुम्ही जावानीज लोक जेवता तरी कसे? एकेका घासाला कमिटी बसवता?"

"सावकाश जेवतो. पण सगळ्यांना पुरतं."

"एकदा. आणखी फक्त एकदा विचारा. त्यानंतर ती पोलिसांत गेली तर मी तुम्हाला ओळखत नाही."

माझे परवाचे उत्तर वाचून तिने एवढेच विचारले, की मन मेणासारखे विरघळणे हे कंपनीच्या दृष्टीने फायद्याचे आहे का. आमच्या मेणाच्या बाबतीत नेमकी तीच तक्रार आहे म्हणे. काढून टाकले.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दुसऱ्यांदा विचारले. आधीपेक्षा थोडे अधिक वाकून. बाईंनी पेंडोपोतच, सगळ्यांसमोर उत्तर दिले:

"शेगडी नको. बाकीच्यांचे कसे चालले आहे, तेवढे कृपया कळवावे."

मी खजील झालो. त्यांनी मंगळवारीही बाकीच्यांचे कुशल विचारले होते आणि मी उत्तरच दिले नव्हते. घरी पाहुणी येऊन मुलाबाळांची विचारपूस करते आणि यजमान तिला नुसता पाट सरकवत राहतो, तसे झाले. बाई दोनदा नको म्हणाल्या त्यात नवल ते काय? आधी कुशल, मग देणेघेणे.

तेव्हा तिथेच, पेंडोपोत, रीतसर लिहिले: "आपल्या आशीर्वादाने बाकी सर्व सुखरूप आहेत."

वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. गेल्या वर्षभरात माझ्या हातून इतके नितळ वाक्य उतरले नव्हते. खाली कंपनीचा शिक्का आपोआप उमटतो, तोही आज शोभून दिसला.

११ ऑगस्ट, सोमवार

आतल्या दालनात गर्दी वाढली आहे. पेकालोंगानचे पाक गुनार्तो यांची शेगडी बंद होत नव्हती, त्यांना गेल्या महिन्यात नवी पाठवली. लासेमच्या चि लान (चि म्हणजे चिनी घरांतली 'ताई') यांच्या मनगटावर मेण उडाले, त्यांना शेगडी आणि सोबत एक छानसे कापड पाठवले. त्यांनी आभाराचे इतके गोड पत्र लिहिले की मीच त्यांचे आभार मानले, मग त्यांनी पुन्हा माझे. अखेर तिऊर्माने मध्ये पडून आम्हा दोघांना सोडवले.

प्रत्येकाला वेगळे लिहितो, हा माझा नियम. गुनार्तो बासरी वाजवतात, तर त्यांच्या उत्तरात बासरी येते. चि लान यांच्या दारात लाल दिवे आहेत, तर तिथे दिवे. एकाला लिहिलेले दुसऱ्याला कधी लिहिले नाही आणि एकाचे दुसऱ्याला कधी कळवले नाही. आत आलेल्या माणसाची गोष्ट आतच राहिली पाहिजे.

आज गुनार्तोंचा निरोप आला. नवी शेगडीसुद्धा थांबत नाही. त्यांनीच पुढे लिहिले आहे, "बहुधा आमच्या घरची वीजच वाईट. आपण इतके केले आहे, आता आणखी काय सांगायचे! फक्त आपल्या कानावर घातले." किती समजूतदार माणूस! काही लोकांची ग्रहदशाच अशी असते.

तिऊर्मा खूश आहे. "पेंडोपो बघा कसा झाडून लख्ख केलाय तुम्ही," ती म्हणाली. खरेच, बाहेर आता शेगडी कशी पुसावी आणि मेण किती घालावे एवढेच प्रश्न उरले आहेत.

वागिराबाई सोडून.

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी बाईंचा नवा मजकूर. या वेळी मला उद्देशून नाही, सगळ्यांना:

"केंबांग शेगडी वापरणाऱ्यांना विनंती. आणखी कोणाची शेगडी बंद होत नाही का? असेल तर इथेच लिहावे. कोणाचीच नसेल, तर चूक माझ्या हाताची, असे मी समजेन."

दुपारपर्यंत कोणी काही लिहिले नाही. गुनार्तोंनी वाचल्याची खूण दिसली. चि लान यांनीही वाचले. ज्याच्याकडून भेट घेतली त्याच्या मंडपात उभे राहून कोण तक्रार करील? मीही केली नसती.

पण ती म्हातारी बाई एकटी भर मंडपात उभी आहे, 'चूक माझ्या हाताची' म्हणते आहे आणि कोणी मान वर करून बघत नाही, हे मला सहन होईना. तिऊर्मा म्हणाली, "आत घ्या ना मग तिला." मी मजकूर उचलून आत नेला. आता तो फक्त त्यांना आणि मला दिसतो. त्यांची लाज राखली गेली.

संध्याकाळी त्यांनी एकच ओळ लिहिली: "मी बाहेर बोलत होते."

मी उत्तरात लिहिले, इथे आपण निश्चिंतपणे बोलावे, इथे कोणी ऐकत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

स्वातंत्र्यदिन. गल्लीत पोत्यांची शर्यत, दोरीला टांगलेले क्रुपुक, म्हणजे तळलेले पापड, तोंडाने पकडून खाण्याची स्पर्धा. मला परीक्षक केले होते. कोणाचे हात मागे होते आणि कोणाचे नव्हते, यावरून दोन काकूंचे भांडण झाले. मी दोघींना पहिला क्रमांक दिला. दोघीही माझ्याशी बोलत नाहीत.

वागिराबाईसुद्धा बोलत नाहीत. चार दिवस झाले. जेवताना हार्तिनीला सगळे सांगितले. माझी बायको पोस्टात खिडकीवर बसते, तिला माणसे कळतात असा तिचा समज आहे.

"तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय," मी म्हणालो. "लिहून विचारण्यात अर्थ नाही. तिसऱ्यांदा समोरच जायला हवं."

"त्या बाईनं मागितलं काय होतं?"

"शेगडी."

"कुठे मागितली?"

"कुठे म्हणजे? तक्रार केली होती."

"तक्रार केली. मागितलं काय?"

मी आठवून पाहिले. तेंपेचा, सोयाबीनच्या वडीचा, तुकडा हातातच राहिला. "कुशल विचारलं होतं," मी म्हणालो.

"कोणाचं?"

"बाकीच्यांचं. सर्वसाधारण. जसं विचारतात तसं."

हार्तिनी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही संस्कृतच शिकवत होता ते बरं होतं. त्यातली माणसं तुम्हाला उलट काही सांगायला येत नव्हती." आणि तिने सांबालाची, मिरचीच्या चटणीची, वाटी माझ्यापुढून उचलली. तिला काय म्हणायचे होते ते उमगले नाही. विचारले तर म्हणाली, "जाऊन या बायातला. मी सांगून तुम्हाला पटायचं नाही."

२० ऑगस्ट, बुधवार

रजा काढली. नवी केंबांग मोटारसायकलच्या मागे बांधली आणि क्लातेनवरून बायातला गेलो. बाहेर खाजगीत भेटणे नियमात बसत नाही. नियमात असेही लिहिले आहे, की गिऱ्हाइकाला घरचे माणूस माना. दोन्ही एकदम कसे पाळायचे, हे तिऊर्माला विचारायचे राहिले आहे.

वागिराबाई माझ्या कल्पनेपेक्षा बुटक्या आणि चपळ निघाल्या. टेकडीच्या पायथ्याला घर, पडवीत बांबूच्या काठीवर कापड लटकवलेले, समोर कोळशाची मातीची शेगडी आणि त्यावर मेणाची कढई. बाई चांटिंगने, मेणाच्या तोटीदार लेखणीने, रेषा ओढत होत्या. मला पाहून त्यांनी हातातली रेषा पूर्ण केली आणि मगच उठल्या.

"तुम्ही पाक सासांगका? फोटोत केस जास्त आहेत."

"जुना फोटो आहे, बू."

"शेगडी पण आणलीत!" त्या हसल्या. "बसा. चहा घ्या."

"नको, बू, तसदी नको."

"घ्या हो."

"आत्ताच वाटेत झाला."

"घ्या, म्हणते ना. गूळ घातलाय." मी घेतला. खोबरे घातलेला उकडलेला कंदही आला. हे सगळे रीतीप्रमाणे झाले, त्यामुळे मला धीर आला. पेला संपल्यावर मी दोन्ही हात जुळवून, शक्य तितक्या वरच्या भाषेत विनंती केली. कंपनीच्या वतीने, माझ्या वतीने, ही शेगडी आपण ठेवून घ्यावी.

"नको," बाई म्हणाल्या.

मी थांबलो. त्याही थांबल्या.

"बू, हे तिसऱ्यांदा आहे."

"मी पण मोजत होते, पाक." त्या आता मोठ्याने हसल्या. "मलाही आईबापांनी वळण लावलंय. पहिलं नको रीतीचं होतं, ते मान्य. दुसऱ्यापासून खरं होतं. मला शेगडी नकोच आहे. माझी मी त्याच दिवशी बंद केली. वायर कापून टाकली, ही बघा, कोंबडीला अंडी घालायला दिलीय."

खरेच, कोपऱ्यातल्या केंबांगमध्ये गवत होते आणि त्यावर एक कोंबडी बसली होती. माझ्याकडे पाहून तिने मान वळवली.

"मग आपण लिहिलं कशासाठी?"

"विचारायला. बाकीच्यांचं कसं आहे म्हणून." त्यांनी हात लांब करून रस्त्याच्या पलीकडे दाखवले. "त्या तिथे सार्तीचं घर. पुढे तिच्या जावेचं. या आळीत सगळ्यांकडे तीच शेगडी आहे, सहकारी संस्थेनं एकदम घेतलेली. मी म्हणाले, बायांनो, बंद करा, हिचं बटण धड नाही. तर म्हणतात, वागिराचे डोळे गेले, हाताचा अंदाज गेला, आमची तर नीट चालते. थोडी जास्त तापते एवढंच. थोडी जास्त! सार्तीची पोरं त्याच खोलीत झोपतात, मेणाच्या वासात. म्हटलं, कंपनीला विचारू, सगळ्यांदेखत. कंपनीनं एक ओळ लिहिली, की हो, बटण बिघडतं, तर या बाया ऐकतील. माझं नाही ऐकणार, पण शिक्क्याचं ऐकतील."

मी रिकामा पेला खाली ठेवला.

"तुम्ही मला शेगडी देत राहिलात."

"मला वाटलं..."

"मग मी पुन्हा विचारलं. तेव्हा तुम्ही लिहिलंत."

मला ते वाक्य तोंडपाठ होते. त्यांनाही होते. त्यांनी ते म्हणून दाखवले, अगदी स्वच्छ उच्चारात. आपल्या आशीर्वादाने बाकी सर्व सुखरूप आहेत.

"सार्तीनं त्याचा फोटो काढून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "दुपारी कापड धुताना सगळ्यांना दाखवला. म्हणे, बघ गं वागिरा, कंपनी म्हणते बाकी सगळं ठीक आहे. तूच बिघडलीस."

"पण बू, ते तर नुसतं... कोणी कुशल विचारलं की आपण म्हणतोच ना तसं!"

"म्हणतो की. मीही म्हणते." त्यांनी कढईतल्या मेणावर फुंकर घातली आणि चांटिंग बुडवले. "पण मी शेगड्या विकत नाही."

रागावल्या असत्या तर बरे झाले असते. निघताना त्यांनी कंद केळीच्या पानात बांधून दिला. मी पहिल्यांदा नको म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारले नाही, नुसता माझ्या खिशात घातला.

सार्तीच्या दारावरून आलो. दार उघडे होते, आत बाई चांटिंग घेऊन बसली होती. मी मोटारसायकल थांबवली. सांगणार होतो. ती उठून हसतमुखाने बाहेर आली, "कंपनीतून आलात ना? या, या! आमची छान चालतेय हो!" मी विचारले, बटण बंद होते का. ती म्हणाली, "होतं की. कधीकधी वायर ओढावी लागते. वागिरानं काही भरवलं वाटतं तुमच्या मनात?" मी म्हणालो, जपून वापरा. ती म्हणाली, हो हो, आणि पुन्हा हसली. ते 'हो' मला चांगले ओळखीचे आहे. ऐकले, एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतः आयुष्यभर तेच म्हणत आलो.

नवी शेगडी मागे बांधून परत आणली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

तिऊर्मासमोर बसून गेल्या दोन महिन्यांतले सगळे आतले निरोप एकापाठोपाठ एक मोठ्याने वाचले. बासऱ्या, लाल दिवे, सगळे वगळून. उरले ते सगळीकडे एकच होते. बटण बंद होत नाही. मी प्रत्येकाला इतके वेगवेगळे लिहिले होते, की आजवर ते माझ्याही ध्यानात आले नव्हते.

"तुला माहीत होतं का?" मी विचारले.

"वरच्यांना माहीत आहे," ती म्हणाली. आवाज चक्क हळू होता. "नवीन बटणं मागवलीत. ती येईपर्यंत गाजावाजा नको, असं ठरलंय. म्हणून तर आत घ्यायचं. मी ठरवलेलं नाही हे, पाक."

"मला वाटलं, तो शिष्टाचार आहे."

"तसं वाटावं, म्हणूनच तुम्हाला घेतलं." बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटले असावे. तिने आपल्या डब्यातला मासा माझ्यापुढे सरकवला.

"बाहेर एक ओळ लिहू या," मी म्हणालो. "बटण बिघडते, वापरू नका. एवढीच."

आता ती ताट ढकलणार, असे वाटले होते. तसे झाले असते तर मी भांडलो असतो. पण मेदानची ती मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बघू या हं, पाक. वेळ आली की बघू."

सोलोत राहून तीसुद्धा शिकली. मला अर्थ विचारावा लागला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून ती ओळ लिहितो आहे. पहिल्या मसुद्यात नमस्कार, ऋणनिर्देश आणि क्षमायाचना झाली. बटण तिसऱ्या परिच्छेदातही आले नाही. दुसऱ्यात आले, पण 'काही मोजक्या प्रसंगी किंचित' या शब्दांच्या आड उभे होते. हार्तिनी मागून वाचत होती.

"आग लागलेल्या घरात ओरडायचं असतं, की श्लोक म्हणायचा असतो?" तिने विचारले.

"आग लागलेली नाही अजून."

"मग लागायच्या आत लिहा."

"नोकरी जाईल."

"माझी आहे," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

दुपारी लिहिले. "केंबांग शेगडीचे बटण बिघडते. शेगडी बंद होत नाही. बरीच माणसे तसे सांगत आहेत. वापरू नका, वायर काढून ठेवा. 'बाकी सर्व सुखरूप आहेत' असे मी ८ तारखेला लिहिले, ते खरे नव्हते." इतके ओबडधोबड मी शाळेतही लिहिले नव्हते. पेंडोपोत टाकले आणि वागिराबाईंचा उचलून आत नेलेला मजकूर पुन्हा बाहेर, त्याच्या वर ठेवला.

थोड्याच वेळात मला आतले दालन दिसेनासे झाले. तिऊर्माने केले असेल, किंवा तिला करावे लागले असेल. बाहेरची ओळ अजून आहे. किती वेळ राहील, माहीत नाही. खाली एका माणसाने शेगडी कशाने पुसावी असे विचारले आहे. बाकी कोणी काही बोललेले नाही.

गुनार्तो आणि चि लान पेंडोपोत आता क्वचितच येतात. मीच त्यांना आत यायची सवय लावली आणि आत जाऊन सांगायला आता माझ्याकडे दार नाही. वागिराबाईंना फोन केला. त्यांनी ओळ वाचली होती. म्हणाल्या, "सार्तीला दाखवली. शिक्का बघूनही ती म्हणते, ही कोणीतरी खोडी केलीय, कंपनी असं लिहीत नाही. कंपनीचं बोलणं कसं असतं ते तिच्याकडे आहे म्हणे, फोटोत." मी म्हणालो, मी स्वतः येऊन सांगतो. त्या म्हणाल्या, या, पण सांगून उपयोग होईल असं वाटत नाही, तुम्ही समोर फार गोड बोलता.

उद्या जाणार आहे. नोकरीचे काय व्हायचे ते होईल, तिची काळजी मी करतो असे दाखवतो, पण ती खरी नव्हे. मला भीती आहे ती एवढीच. सार्ती माझी दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून वाचील, पहिल्यावर विश्वास ठेवील आणि मी पोचायच्या आत शेगडी लावून बसेल.